हिब्रूचा वर्ग मराठीच्या शेजारी भरवा : मुंबई विद्यापीठाला खुले पत्र

मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,
मुंबई विद्यापीठ, यांस

सविनय नमस्कार.

हिब्रू भाषा आणि यहुदी धर्म यांच्या अभ्यासासाठी आपल्या विद्यापीठात कायमस्वरूपी विभाग असावा, त्यात पूर्णवेळ अध्यापक असावेत आणि त्या विभागाचं निदान निम्मं काम मराठीशी जोडलेलं असावं, एवढी एकच मागणी घेऊन मी हे पत्र लिहीत आहे. संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गाने हे काम होणार नाही. का होणार नाही, ते सविस्तर सांगते.

मी मराठीची प्राध्यापिका. एकोणिसाव्या शतकातली मराठी छापील पुस्तकं हा माझा अभ्यासाचा विषय. मी ज्यू नाही. पण त्या शतकातल्या मराठी पुस्तकांत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, लेखकांची पुस्तकं जागोजागी भेटतात, आणि ती नीट वाचायची तर हिब्रूवाचून गत्यंतर नाही. म्हणून मी हिब्रू शिकले, खाजगी शिकवणी लावून, नोकरी सांभाळून. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला हा विषय घ्यावासा वाटला, तर त्याला कुठे पाठवायचं याचं उत्तर मला मुंबईतच देता यावं अशी माझी इच्छा आहे.

हिब्रू या विद्यापीठाला परकी नाही. १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, त्याच्या कितीतरी आधी, १८३२ मध्ये, जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहून छापलं. ते बेने इस्रायलांसाठीच लिहिलं होतं. विल्सन मिशनरी होते आणि त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. उलट हिब्रू येऊ लागल्यावर तो अधिक जाणतेपणाने पाळला. हेच विल्सन पुढे या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. सिनेगॉगमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांची कितीतरी पुस्तकं त्यांनी हिब्रूतून मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू केली. तीच आज माझगावला सर एली कदूरी शाळा म्हणून उभी आहे. त्या शाळेच्या पुढे अनेक वर्षं मुख्याध्यापिका राहिलेल्या रिबेका रूबेन १९०५ साली याच विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. म्हणजे हिब्रूचा विभाग उघडणं हे आपल्यासाठी नवं पाऊल नाही. जे आपल्याकडे होतं ते पुन्हा उभं करण्याचं काम आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून लोक ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्रायलांची गोष्ट महाराष्ट्रात थोडीफार माहीत आहे. अलिबागजवळच्या नवगावला त्यांच्या पूर्वजांची गलबतं फुटली ही परंपरेची कथा, आणि मासे निवडताना यहुदी आहारनियमाप्रमाणे पर आणि खवले असलेलेच मासे वेगळे ठेवणाऱ्या बायकांवरून डेव्हिड रहाबींनी हे लोक ज्यू असल्याचं ओळखलं ही दुसरी कथा. या कथा वर्तमानपत्रांत दरवर्षी कुठे ना कुठे येतात. त्यांच्या पुढे काय झालं, ते मात्र क्वचितच येतं. आणि अभ्यासाचा खरा ऐवज तिथेच आहे.

पुढे झालं ते असं. पिढ्यानपिढ्या ‘शेमा’ची प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम एवढ्यावर धर्म सांभाळलेल्या समाजाच्या हातात शे-सव्वाशे वर्षांत सगळं हिब्रू वाङ्मय आलं. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेलं पहिलं सिनेगॉग, कोचीनहून आलेले शिक्षक, मग छापखाना. यहुदी सणांना त्यांच्याकडे आधीपासून मराठी नावं होती : नव्याचा सण, दरफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आता त्यांना रोश हशाना, योम किप्पूर ही नावं आणि त्यामागचे ग्रंथ मिळाले. काय ठेवायचं, काय सोडायचं, काय जोडून घ्यायचं याचे निर्णय त्या माणसांनी मराठीतून घेतले आणि मराठीत छापले. एखादा समाज आपल्याच धर्माचे ग्रंथ नव्याने कसे वाचतो, हे इतक्या जवळून दाखवणारी कागदपत्रं जगात फार थोडी असतील. ती कोकणातल्या, मुंबईतल्या आणि पुण्यातल्या लोकांनी लिहिलेली आहेत.

उदाहरण म्हणून पुण्यात १८७४ मध्ये छापलेली हग्गादा घ्या. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची ही पोथी. हिब्रू मजकूर आणि त्याचा मराठी अनुवाद सोबत. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. हे चित्र कौतुकाने पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. पण मजकुराकडे वळलं की प्रश्न सुरू होतात. हग्गादाच्या सुरुवातीचा ‘हा लाह्मा अन्या’ हा भाग हिब्रू नाही, अरामी आहे. मग अनुवाद अरामीवरून झाला, हिब्रू भाषांतरावरून की आणखी कशावरून? याच्या आधी मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघालेल्या मराठी हग्गादाशी त्याचं नातं काय? मिशनऱ्यांच्या बायबलमधली मराठी आणि या पोथीतली मराठी कुठे जुळते, कुठे मुद्दाम वेगळी राहते? या प्रश्नांवर एम.ए.चा प्रबंध होऊ शकतो, पीएच.डी. होऊ शकते. ते करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हिब्रू, थोडी अरामी आणि एकोणिसाव्या शतकातली मराठी अशा तिन्ही भाषा याव्या लागतील. नुसती मराठी येणाऱ्याला पुस्तक अर्धंच दिसेल, आणि नुसती हिब्रू येणाऱ्यालाही अर्धंच.

कीर्तनाचं तेच. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी आपल्याकडचं कीर्तन उचललं. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, अभंग सगळं तेच. आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. बेंजामिन अष्टमकर यांचं नाव या परंपरेत आदराने घेतलं जातं. मराठी साहित्याच्या इतिहासात या कीर्तनांना फार तर दोन ओळी मिळतात, त्याही कुतूहल म्हणून. खरं तर इथे बारकाईने पाहायला हवं. अब्राहामाने बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडल्या हा प्रसंग तोराहमध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, नाही. तो मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मपंडितांच्या) कथा-भाष्यांत आहे. एखाद्या मराठी आख्यानात तो आढळला, तर त्या कीर्तनकाराचं वाचन तोराहच्या पलीकडे, रब्बींच्या वाङ्मयापर्यंत पोचलेलं होतं असं म्हणता येतं. ज्याला हा फरक माहीत नाही तो अभ्यासक तिथे ‘कवीची कल्पना’ अशी नोंद करून पुढे जाईल, आणि ती नोंद पुढच्या पुस्तकांत तशीच उतरत राहील. म्हणून हिब्रूसोबत यहुदी धर्माचा अभ्यास हवा. भाषा आली की धर्म आपोआप कळतो, असं होत नाही.

आता विद्यापीठात यहुदी धर्म शिकवायचा म्हणजे काय, याबद्दल. ‘धर्म शिकवणं’ म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, आणि ते स्वाभाविक आहे. श्रद्धेचं शिक्षण सिनेगॉगमध्ये आणि घरी होतं, तिथेच व्हावं. विद्यापीठातला अभ्यास वेगळे प्रश्न विचारतो : हा मजकूर कोणत्या काळातला, कोणत्या हस्तलिखितातून आला, कोणी कोणाला उत्तर देताना लिहिला. तोराह, संदेष्ट्यांची पुस्तकं आणि इतर लेखन मिळून होणारा तनाख हा पहिला थर. त्यावर इ.स. २०० च्या सुमारास यहुदा हा-नासी यांनी संकलित केलेली मिश्ना, सहा भागांची. त्या मिश्नेवर चर्चा करणारा बॅबिलोनी तालमूद, बराचसा अरामीत. मग अकराव्या शतकात फ्रान्समधल्या राशींची टीका, बाराव्या शतकात तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित मायमोनिडीस. तालमूदच्या छापील पानावर मधोमध मूळ मजकूर असतो, एका कडेला राशी, दुसऱ्या कडेला नंतरच्या पंडितांची टीका. वाद मिटवलेला नसतो, तर हिलेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंची मतं दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी जपलेली असतात. सूत्र, भाष्य आणि टीका यांवर पोसलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे पान उघडताच ओळखीचं वाटेल. मला वाटलं. संस्कृतच्या एखाद्या विद्यार्थ्याला तीन व्यंजनांच्या हिब्रू धातूंवर सात प्रकारची रूपं चालवायला लावून पाहा, तो घाबरत नाही. त्याची सवय त्याला असते.

युरोपात या अभ्यासाचा इतिहास विचित्र आहे. इंग्लंडमधून १२९० मध्ये ज्यूंना हाकलून दिलं आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे तिथे राहता येत नव्हतं. मधल्याच काळात केंब्रिजला १५४० मध्ये आणि ऑक्सफर्डला १५४६ मध्ये राजाने हिब्रूची प्राध्यापकपदं स्थापन केली. भाषा हवी होती, ती बोलणारी आणि जपणारी माणसं नको होती. १८१८ मध्ये बर्लिनमध्ये लिओपोल्ड झुंझ या तरुणाने रब्बींच्या वाङ्मयाचा अभ्यास इतर कोणत्याही वाङ्मयासारखा शास्त्रीय पद्धतीने व्हावा असं मांडलं, पण जर्मन विद्यापीठांनी त्याच्या हयातीत त्या अभ्यासाला दार उघडलं नाही. जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ १९२५ मध्ये उघडलं. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये हॅरी वुल्फसन यांच्यासाठी या विषयाचं स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण झालं. मुंबईचं वेगळेपण असं की इथे भाषा आणि माणसं एकाच गावात होती, आणि माणसांवर कधी बहिष्कार नव्हता. फोर्टमधल्या आपल्या जुन्या इमारतीतून निघालं की काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय आणि त्याच्या पलीकडचं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग पायी पाच-दहा मिनिटांवर आहे. भायखळ्याला मागेन डेव्हिड आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल ही गावं आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. क्षेत्रीय अभ्यासासाठी आपल्या विद्यार्थ्याला परदेशी जावं लागणार नाही.

हा विषय फक्त ज्यूंचा नाही, हेही सांगायला हवं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या अगदी थोडं आधी ते काम पुरं झालं. मराठीत हिब्रूवरून एवढं मोठं काम एका बाईने एकहाती केलं, आणि त्या भाषांतराची मूळ हिब्रूशी ओळ न्‌ ओळ ताडून पाहणारा अभ्यास मराठीत व्हायचा राहिला आहे. इतिहासवाल्यांसाठीही इथे भरपूर आहे. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या गेनिझातून, म्हणजे जुने कागद टाकून ठेवायच्या खोलीतून, १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्तर यांनी केंब्रिजला नेलेल्या जवळपास दोन लाख कागदांत अकराव्या-बाराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची पत्रं आहेत, आणि त्यांतली कित्येक भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी चाललेल्या व्यापाराची आहेत. अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात वर्षानुवर्षं मंगळूरला राहत होता. ही पत्रं अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत आहेत. शिलाहारांचा कोकण अभ्यासणाऱ्या आपल्या संशोधकांना ही पत्रं आज इंग्रजी भाषांतरांतूनच वाचावी लागतात.

आक्षेप काय येतील याची मला कल्पना आहे. पहिला, विद्यार्थी किती मिळणार? १९४७ च्या सुमारास भारतात बेने इस्रायल २०,००० च्या आसपास होते. आज भारतातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार असतील. विभागाची गरज समाजाच्या संख्येवर मोजायची तर पाली शिकवणं कधीच बंद करावं लागलं असतं. आपण पाली शिकवतो, फारसी शिकवतो, कारण महाराष्ट्राचा इतिहास त्यांच्याशिवाय वाचता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. समाजाला मान्यता दिल्यावर त्या समाजाचं वाङ्मय वाचण्याची सोयही राज्याच्या विद्यापीठात असायला हवी.

दुसरा आक्षेप आजच्या राजकारणाचा. पश्चिम आशियात जे चाललं आहे ते पाहता हिब्रूचा विभाग म्हणजे एका देशाची बाजू घेणं, असं काही सदस्यांना वाटेल. ही शंका मी गंभीरपणे घेते, आणि म्हणूनच विनंती करते की हा विभाग कोणत्याही दूतावासाच्या किंवा एकाच देणगीदाराच्या पैशावर उभा करू नका, विद्यापीठाच्या स्वतःच्या तरतुदीतून करा. आणि तो अरबी विभागाला लागून ठेवा. मायमोनिडीस यांनी आपला तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ अरबीत, हिब्रू अक्षरांत लिहिला. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी तोराह अरबीत आणली. मध्ययुगातलं यहुदी पांडित्य अरबीशिवाय समजत नाही, आणि बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यूंनी १८५५ पासून इथे जे नियतकालिक चालवलं तेही हिब्रू लिपीतल्या अरबीत होतं. कलिन्यात अरबी आणि हिब्रूचे विद्यार्थी एका वर्गात बसून एकच मजकूर वाचतील, तर दोन्ही विभाग सुधारतील.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. मराठी आणि हिब्रू दोन्ही पंडिती पातळीवर येणारे अध्यापक जाहिरात देऊन मिळणार नाहीत, ते घडवावे लागतील. मराठी, संस्कृत किंवा अरबीत एम.ए. झालेले दोन-तीन तरुण निवडा, त्यांना शिष्यवृत्ती देऊन जेरुसलेम, ऑक्सफर्ड किंवा जिथे हा अभ्यास पक्का आहे तिथे पाठवा, आणि परत आल्यावर नोकरीची हमी द्या. तोवर अतिथी अध्यापक आणा. इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा अशा गावांत मराठी घरं आहेत. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आलं आहे. त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना दोन्ही भाषा येतात.

घाई मला याच लोकांमुळे वाटते. तिथे जन्मलेल्या नातवंडांना हिब्रू येते, मराठी येत नाही. इथल्या मुलांना मराठी येते आणि हिब्रू प्रार्थनेपुरती. १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या विवाहांवरून त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेत त्यांच्या बाजूने ठराव झाला. तो वाद हिब्रूतून चालला, आणि ज्या चालीरीतींवर तो चालला त्या मराठीत जगलेल्या होत्या. त्यांच्या बाजूने दोन्ही भाषांतले पुरावे मांडू शकणारं विद्यापीठ त्या वेळी कुठे असायला हवं होतं, तर मुंबईत. केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून पुरा केला होता. तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं, आणि तोही तेल अवीवला. हे पुन्हा घडू नये असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासक्रम कसा असावा याचा माझा विचार थोडक्यात असा. पहिल्या वर्षी लिपी, स्वरचिन्हं आणि वाचन, हग्गादाच्या द्विभाषिक पानांवरूनच, कारण तिथे विद्यार्थ्याला समोर मराठी आधार मिळतो. मग रूथ आणि योना ही चार-चार अध्यायांची पुस्तकं. दुसऱ्या वर्षी प्रार्थनापुस्तक, मिश्नेतले निवडक भाग, राशींची ओळख आणि स्वरचिन्हांशिवायची आधुनिक हिब्रू. यहुदी धर्माचा इतिहास दोन्ही वर्षं, मराठीतून आणि इंग्रजीतून. आणि प्रत्यक्ष काम. कोकणातल्या कबरस्तानांत हिब्रू आणि मराठी दोन्हींत लेख असलेले दगड आहेत. तिथे ताव-रेश-लामेद-दालेत ही चार अक्षरं कोरलेली दिसली, तर त्यांचे अंक अनुक्रमे ४००, २००, ३० आणि ४. बेरीज ६३४, हजार गृहीत धरलेले, म्हणजे यहुदी संवत्सर ५६३४, म्हणजे इ.स. १८७३-७४. विद्यार्थ्याने एक दगड स्वतः वाचून त्याची नोंद केली की त्याला व्याकरणाचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. केतुबा म्हणजे विवाहाचे करारनामे, सिनेगॉगची नोंदवह्या-दप्तरं, कीर्तनांच्या वह्या, घरोघरच्या जुन्या पोथ्या यांची विश्वस्तांच्या आणि कुटुंबांच्या परवानगीने छायाचित्रं घेऊन सूची करणं हे विभागाचं पहिल्या दिवसापासूनचं काम असावं. दगड झिजत आहेत, वह्यांचे कागद कोकणातल्या दमट हवेत तुटत आहेत, आणि घरं बंद करून जाणारी कुटुंबं सगळंच सोबत नेऊ शकत नाहीत.

माझी मागणी आता नेमकी मांडते. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर हा विषय घ्यावा. मराठी, अरबी, संस्कृत आणि इतिहास या विभागांतले प्रत्येकी एक सदस्य आणि बेने इस्रायल समाजातले जाणकार यांची समिती नेमावी, आणि तिला अहवालासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी. शिष्यवृत्तीवर पाठवायच्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांची निवड अहवालाची वाट न पाहता याच शैक्षणिक वर्षात व्हावी, कारण त्यांना तयार व्हायलाच चार-पाच वर्षं लागतील. वर लिहिलेल्या अभ्यासक्रमाचा तपशीलवार आराखडा आणि मला माहीत असलेल्या हिब्रू-मराठी पुस्तकांची यादी मी समितीला केव्हाही द्यायला तयार आहे. विभाग सुरू होईपर्यंत लिपी आणि प्राथमिक वाचन शिकवायला माझ्यासारख्या कोणाचा उपयोग होणार असेल, तर शनिवार सोडून कोणत्याही दिवशी मी येईन.

आपली विश्वासू,
मराठीची एक प्राध्यापिका